समारोहाला जायचं ठरलंय

वसमतहून सकाळची परभणी गाडी,
परभणीला उतरून गंगाखेड, मग परळी,
आणि घाट चढला की आंबेजोगाई.
मेहरून सिस्टर म्हणते, एवढ्या गाड्या बदलायला
माझे गुडघे का सरकारी आहेत?
हाफ तिकीट सरकारी, बाई. गुडघे माझे.

धपाटे कौसल्या करणार. किती करू, म्हणाली.
तीन रात्री, तीन बाया,
आणि शेजारी बसलेलं कुणीतरी मागतंच.
चाळीस कर.
दही न्यायचं का, यात दोन दिवस गेले.
शाली, कानटोप्या, गुडघ्याचं तेल,
थर्मास. त्याचं झाकण हरवलंय, म्हणून एक वाटी.

मुलगा म्हणतो, आई, सगळं मोबाईलवर लाईव्ह दिसतं,
कशाला थंडीत कुडकुडायला जायलीस?
बरोबर आहे त्याचं.
त्याला मी सांगितलेलं नाही.

समारोहाचं तेव्हा तिसरं वर्ष.
मी सतराची. आमच्याच गल्लीमागं
शाळेच्या मैदानात मांडव.
बायकांना डावीकडं जागा होती,
आमच्या घरच्या बायकांना नव्हती.
वडील गेले, काका गेले, सतरंजी गेली,
घरातली बरी दुलई पण गेली.
मी माळवदावर, सवण्याशेजारी, गोणपाट पांघरून.
खांबावरच्या भोंग्यानं
नेमकं आमच्या माळवदाकडं तोंड केलेलं.
बुवा गात होते ते मला
कुत्र्यांसकट, खोकल्यांसकट, रातराणीच्या हॉर्नसकट ऐकू येत होतं,
आणि मला वाटलं, हे सगळं त्यातलंच असणार.

उजाडायला थोडा वेळ होता.
त्यांनी एक सूर लावला आणि धरून ठेवला,
भरली घागर खाली न टेकवता
कुणी दारात उभं राहावं तसा.
पुढचा सूर अगदी लागून, भिंतीला भिंत,
आता लावतील, आता
लाईट गेली.

मांडवात म्हणे कुणी हललं नाही.
एक कंदील आला.
बुवा तसेच गात राहिले, बिनामाईक, दिवस वर येईपर्यंत.
सत्तेचाळीस वर्षं जो भेटतो तो सांगतो, मी होतो.
मांडवात मावणार नाहीत एवढे लोक होते.
वडील चहा पिता पिता म्हणाले,
असं गाणं परत व्हायचं नाही.
मी अंगणात सतरंजी झटकली.
धूळ निघाली. दोन सुपाऱ्या निघाल्या.

तो ललत होता
हे मला फार उशिरा, पोस्टात शिक्के मारता मारता
परभणीच्या रेडिओनं सांगितलं.
दोन मध्यम असतात म्हणे त्यात, शेजारी शेजारी.
एक माझ्यापर्यंत आला.
दुसरा मांडवात राहिला.
त्यानंतर किती ललत ऐकले, अख्खेच्या अख्खे,
माणसं बदलली, तंबोऱ्याची मशीन झाली.
माझा तो अर्धा
दुसऱ्या कुणाच्या ललतानं भरून निघाला नाही.

आता पन्नासावं वर्ष. बुवा नाहीत.
त्यांचे शिष्य गाणार, तेही सत्तरीचे,
शेवटच्या रात्री, पहाटे, पत्रिकेत छापलंय.
पास आलेत: दुसरी रांग, उजवीकडं, खुर्च्या.
मेहरून म्हणाली, पाठ आहे ना खुर्चीला?
मग झोप लागली तरी चालतंय.

काल समितीला फोन लावला.
पोरगा अदबीनं बोलला, सुमेध सरवदे नाव.
गाड्या कुठं लावायच्या, प्यायचं पाणी कुठं,
बायकांसाठी वेगळी सोय, सगळं सांगितलं.
मी विचारलं, आणि लाईट?
तो हसला. लाईटची बिलकूल काळजी करू नका मावशी,
दोन जनरेटर आणलेत यंदा,
एक बंद पडला तर दुसरा,
अर्ध्या सेकंदात चालू.

बरं, म्हटलं.
मग जरा थांबून विचारलं,
ते ठेवणार कुठं आहात?