तिसरं प्रूफ

शहीद चौकामागच्या बोळीत, हेडाऊंच्या छापखान्यात
मी ऱ्हस्व-दीर्घ बघते.
सव्वीस वर्षं. पक्ष कुठलाही असो,
वेलांटी माझीच.

मंगळवारी जाहीरनामा आला.
पान अकरा : गुन्हेगारी, पोलीस आणि नागरिक.
मुद्दा सहा,
'कारण सांगितल्याशिवाय कोणालाही
ठाण्यात बसवून ठेवले जाणार नाही.'
मी 'पोलिस'ची वेलांटी दीर्घ केली
आणि मुद्दा सहा उगाच दोनदा वाचला.
चूक नव्हती.

कूलरसमोर शर्टाची बटणं सोडून भुसारी म्हणाले,
"मॅडम, 'कोणालाही'नंतर एक 'शक्यतो' टाका.
वरून फोन आहे."
टाकला. लाल पेनानं, समासातून बाण काढून.
तीन अक्षरं.
ओळ फुटली नाही, पान सरकलं नाही.

दुसऱ्या प्रुफात मुद्दा पाच फुगला होता :
चौकाचौकात कॅमेरे, नवी वाहनं, गुंडांना जरब.
'जरब'वर कोणाचा आक्षेप नव्हता.
माझाही नाही.
सक्करदऱ्यात भर दुपारी
माझ्या गळ्यातलं ओढून नेलं होतं दोघांनी,
आणि ठाण्यात मला खुर्ची दिली होती, पाणी दिलं होतं,
तक्रार तेवढी लिहून घेतली नव्हती.

तिसरं प्रूफ शुक्रवारी, रात्री नऊला.
साहेबांचा फोटो दोन इंचांनी मोठा.
मुद्दा सहा कुठेच नाही.
सातचा सहा झाला, आठचा सात.
मी आकडे तपासले. क्रम बरोबर होता.

"छापा आता."
पण मशीनवर निकेश नव्हता.
साहेब उद्या येणार, म्हणून पाचपावलीची पोरं
दुपारीच नेऊन बसवली होती.
निकेशचं नाव यादीत आहे
एका मोर्चापासून. तेव्हा तो सतरा वर्षांचा होता
आणि पाण्याचे पाऊच वाटत होता.
दहावी नापास,
पण 'प्रतिबंधात्मक' न अडखळता म्हणतो.
मी ऐकलंय.

भुसारींनी फोन लावला.
"अहो, आपलाच पोरगा आहे. मशीन अडून बसली.
हो हो, जाहीरनाम्याचीच."

पावणेबाराला निकेश आला,
हमीपत्रावर सही करून.
हात धुतले, रोलरला शाई दिली.
"काहून नेलं, सांगितलं का रे?"
"नाही ना, मॅडम.
आन् सोडलं काहून, थेबी नाही सांगतलं."

पहाटेपर्यंत पाच हजार प्रती.
पान अकरा तो उजेडात धरून बघायचा,
साहेबांच्या गालावर लाल जास्त होतोय का,
एवढंच.

चहा आला तेव्हा माझ्या टेबलावरचं
पहिलं प्रूफ त्यानं उचललं, कप ठेवायला.
मग कप ठेवला नाही.
बोट फिरवत वाचलं, ओठ हलवत,
बाणापाशी थांबला.
"मॅडम, हे अक्षर तर तुमचं आहे."

मी म्हटलं, हो.