तुमची संस्था

रायबंदरची फेरी पकडून दिवाडीला गेले,
पिशवीत पेनड्राइव्ह, स्क्रूड्रायव्हर, दुपारचा डबा.
मळारच्या एर्मेलिंदा द मेलो, वय चौऱ्याहत्तर,
फोनवर एवढंच म्हणाल्या होत्या:
“कळ आहे, पण ढकलली तरी जात नाही.”

लॅपटॉप शिवणयंत्राच्या टेबलावर,
वर क्रोशाचा रुमाल, जणू पाव झाकलेत.
सुरक्षित ब्राउझिंगचं बटण
राखाडी.
ढकलून पाहिलं. ढिम्म.
शेजारी नखाएवढी एक इमारत
आणि खाली ओळ:
हे सेटिंग तुमची संस्था नियंत्रित करते.

“कुठली संस्था?”
त्या घरभर बघून आल्या.
घरात त्या, एक मांजर,
आणि स्विंडनला गेलेल्या मुलाचा
भिंतीला टेकवलेला कॅरम.
“कोंफ्रारियाची वर्गणी भरते मी,” शेवटी म्हणाल्या,
“पण त्यांचा तर पंखासुद्धा चालत नाही.”

मग चहा झाला, आणि चहाबरोबर
थोडं थोडं निघालं.
मंगळवारी फोन आला होता. पेन्शनचा.
माणूस गोड, दर वाक्याला ‘बाय’ म्हणणारा.
लाल पान आलं तेव्हा म्हणाला, घाबरू नका,
हे बंद करा, इथे होय म्हणा,
आता परत होय म्हणा.

चौतीस वर्षं पणजीच्या एक्स्चेंजमध्ये
कानाला हेडफोन लावून बसलेली ही बाई.
पहिल्या ‘हॅलो’वरून सांगायची
कोण प्यालंय, कुणाकडे मयत झालंय,
कोण मडगावहून बायकोला खोटं बोलतोय.
“मला आवाज कळला नाही गो,” म्हणाल्या.
किती गेले ते सांगितलं नाही.
मी विचारलं नाही.

रजिस्ट्रीत, पॉलिसीच्या फोल्डरात,
एक शून्य बसलं होतं.
खोडलं. बटण सुटलं, निळं झालं,
मी जवळजवळ बिल सांगणार होते.
मशीन बंद करून चालू केलं
तर राखाडी. इमारत जागच्या जागी.
तीनदा खोडलं, तीनदा उगवलं.
चौथ्यांदा माझ्या तोंडून शिवी गेली,
म्हापशाच्या बाजारातली.

त्या मागून बोलल्या, शिवी न ऐकल्यासारख्या:
“आमच्या बोर्डावर एखादं शटर
लावलं की पडायचं, लावलं की पडायचं.
नवी पोर आली की शटरच घासत बसायची.
अगो, शटरात काय नसतं.
पलीकडे कोणीतरी लाइन धरून बसलेला असतो.”

मी हात काढून घेतला.
ठरलेल्या कामांची यादी उघडली.
होता. नाव साळसूद, ‘प्रिंटर मदत’,
घरात प्रिंटर नसताना.
मशीन जागं झालं रे झालं की
निमूट येऊन ते शून्य मांडून जाणारा.
आधी त्याला काढलं. मग शून्य.
बंद. चालू. वाट.

“तुम्ही ढकला,” म्हटलं.
त्यांनी चष्मा पुसला, बोट नेलं
प्लग खोचावा तसं, नेमकं.
निळं.
लगेच बंद केलं. राखाडी. परत चालू. निळं.
“लाइन क्लिअर,” म्हणाल्या,
एका वेगळ्याच, तरण्या आवाजात,
आणि मग आपल्या आवाजात:
“बिमलांचं लोणचं नेशील?”

पासवर्ड बदलायचे राहिलेत,
बँकेत जायचं राहिलंय, पोलिसांत
जायचं की नाही ते ठरायचंय.
कागदावर सगळं लिहून दिलं, मोठ्या अक्षरात.
सव्वापाचची फेरी गाठायची होती.

बल्कांवाच्या पायऱ्या उतरत होते,
आत फोन वाजला.
पाच वेळा वाजू दिला त्यांनी.
मग उचलला,
आणि काहीच बोलल्या नाहीत,
मान किंचित तिरकी,
पलीकडच्या पहिल्या हॅलोसाठी.