जसे आहे तसे, जिथे आहे तिथे

बाळकूमामा दुकानात आला तेव्हा
मी कुणाच्यातरी आधार कार्डाच्या झेरॉक्स मोजत होते.
म्हणाला, पोरी, नेटवर होड्या मिळत्यात म्हणं.
मी म्हटलं, मामा, नेटवर म्हशीपण मिळतात.
म्हस हाय माझ्याकडं, म्हणाला,
आणि स्टूल ओढून बसला.

कुरुंदवाडला पूल झाल्यापासून
अंब्यांच्या त्या घरात
वल्ह्यावर धुणं वाळतंय.

तीन दिवस आम्ही होड्या बघितल्या.
मालवणची फायबरची, 'अर्जंट विकणे',
फोटोत मालकाची सावली आलेली.
भिगवणची, पक्षी बघणाऱ्यांना फिरवून दमलेली.
एक पायडलची, हंसाच्या आकाराची,
मान मोडलेली.
मामा तिच्याकडं बराच वेळ बघत राहिला.
मग म्हणाला, बिचारीला जाऊ दे पुढं.
मी बोटानं तिला पुढं जाऊ दिलं.

आणि मग पाटबंधारे खात्याचा ई-लिलाव.
अनुक्रमांक दहा, गंजलेली चाके.
अनुक्रमांक बारा, लाकडी खुर्च्या नग नऊ, पैकी मोडक्या सात.
मधे ही:
'होडी, सागवानी, कालवा पाहणीसाठी वापरलेली, नग एक.
जसे आहे तसे, जिथे आहे तिथे.'
मामानं दोनदा वाचायला लावलं.
सरकारनं एवढं खरं
कधी लिवलं नव्हतं बघ, म्हणाला.

फोटो एकच. पत्र्याच्या शेडमध्ये पालथी,
वर कुणाचातरी डबा ठेवलेला.
मामानं बोटाच्या पेरानं
स्क्रीनवर टकटक केलं
आणि कान लावला.

मी हसले नाही. स्टोअरकीपर पोवारांना फोन लावला.
बाई, म्हणाले, लोक व्हिडिओ मागतात,
तुम्ही आवाज मागताय?
संध्याकाळी पाठवला. बावीस सेकंद.
टक. टक. टक. ठब. टक.
मागं कुठंतरी मोटार चालू.
मामानं डोळे मिटून चारदा ऐकलं.
चौथी फळी पाणी प्यालीया.
बाकी पोरगी धडधाकट हाय.

लिलाव दुपारी तीनला बंद होणार होता.
समोर कोण, ते दिसत नाही,
नुसतं 'बोलीदार ४'.
पाचशेनं चढत होता.
अंबी असंल का गं? मामानं विचारलं.
भंगारवाला असेल.
मग त्यो लाकूड बघतोय, म्हणाला, होडी न्हाई.
त्याची हद्द एकोणचाळीस हजार,
दोन वर्षांचं दूध आणि एक रेडी.

एकोणचाळीसवर आम्ही. दोन मिनिटं उरलेली.
मामाला बसवेना, तो तंबाखू थुंकायला बाहेर गेला
तेवढ्यात चार नंबरनं साडेएकोणचाळीस टाकले.
मी चाळीस टाकले.
घड्याळ शून्यावर आलं.

कितीला? दारातनंच विचारलं.
एकोणचाळीसला, मामा.
पावती फोटोपेपरच्या गठ्ठ्याखाली आहे.
अजून त्याला माहीत नाही.

उसाच्या ट्रॉलीतून आली, पालथीच,
बुडाला पिवळ्या रंगात सरकारी नंबर.
ड्रायव्हरनं भाडं ठरल्यापेक्षा सातशे जास्त घेतलं.
मामानं चौथी फळी बदलली, डांबर लावलं,
आणि आठ दिवस पाण्यात घातलीच नाही.
रोज तिन्हीसांजेला परड्यात, तिच्यात बसायचा,
म्हस बाजूला रवंथ करत.

माझ्या मोबाइलवर प्रश्न येऊन पडला होता:
वस्तू वर्णनाप्रमाणे मिळाली का? होय / नाही.
मामा म्हणाला, थांब की. अजून बघितलीया कुठं?

नवव्या दिवशी सकाळी उतरवली.
मला पुढं बसवलं. घाट मागं गेला,
पाणी सांडशीसारखं आत वळलं
आणि होडी वळलीच नाही.
मामा वल्हं रेटतोय, वळ गं, वळ गं माझे आई,
ती आपली सरळ,
खात्याच्या रेघेवरून निघाल्यासारखी,
थेट केंदाळात.

जांभळी फुलं माझ्या मांडीवर.
मामा हसतोय, दम लागेपर्यंत हसतोय.
कालव्यातली हाय गं, म्हणतोय,
हिनं वाकडं पाणी
बघितलंच न्हाई कधी.