हातानं चालतंय

रात्री दोनला लाईट गेली, तीनला आली.
उद्यमनगरातले कंप्रेसर आपापले उठले,
आमचा सर्व्हर तेवढा उठला नाही.
यूपीएस गेल्या दिवाळीपासून शोभेला.

बाबालाल मुजावर, वॉचमन, फोनवर :
'मॅडम, पेटी चालू हाय, पंखा फिरतोय,
पर गेटपास निघंना. ट्रकवाला शिव्या घालतोय.'

मी आले. सर्व्हिसवर 'स्टार्ट' दाबलं.
हिरवी पट्टी अर्ध्यावर सरकली, थबकली,
आणि एरर एक हजार सदुसष्ट.
कारण नाही, तक्रार नाही,
भरल्या ताटावरून कुणी न बोलता उठावं तसं.

मग काळी खिडकी उघडून हातानं चालवला.
चालला की!
ओळीखाली ओळ, आठ सेकंदांत पोर्ट उघडं,
गेटपास निघाला, ट्रक गेला.
'झालं न्हवं?'
झालं नव्हतं. खिडकी मिटली की तोही मिटत होता.

पाचला सुकुमार मगदूमला उठवायला फोन लावला,
तर तो उठलेलाच. गंगावेशीच्या कट्ट्यावर,
मागं म्हशी, हातात धारोष्ण ग्लास.
माझ्या आधी ही खुर्ची त्याची होती.
'जाताना नवी जावा घातली,
जुनीचं फोल्डर उडवलं, जागा खात होतं.
त्या दिवशी हातानं चालू केला नि निघालो.'
घोट घेतल्याचा आवाज.
'सर्व्हिसला सांगायचं राहिलं बघ.'

म्हणजे तीन महिने
सर्व्हर त्याच्या हातावर चालला होता,
हात शिरोलीच्या दुसऱ्या फाउंड्रीत नोकरीला.
सर्व्हिस मात्र हाक मारली की
पाडलेल्या घराच्या दारात जाऊन उभी राहायची.

एका चौकटीत एक ओळ. आठच्या जागी सतरा.
'स्टार्ट'. पट्टी शेवटापर्यंत गेली.
मी पर्स उचलली.

'मेन पाडून बगू या?' बाबालाल म्हणाला.
'आमच्या सांगरूळच्या मोटारीला आटो बसवला,
तवा आदी मेन पाडला.
बगितल्याबिगार कोण झोपतंय व्हय?'

त्यानं पाडला.
अंधारात जळक्या वाळूचा वास,
पलीकडं कुणाचं तरी लेथ अजून फिरत होतं.
मी दोन्ही हात स्वेटरच्या खिशात घातले.

खटका वर. पेटी गुरगुरली.
मिनिट गेलं. दुसरं गेलं.
मी खिशातच बोटं मोजत होते.

मग कोपऱ्यातला प्रिंटर खोकला.
बाबालालनं चाचणीला म्हणून
माझ्याच स्कूटीचा नंबर टाकला होता.
वेळ पाच बावन्न. माल : निरंक.
त्यानं शिक्का मारला, फाटक उघडलं.