तुटला धागा

बटण दाबलं की वीज जोडली जाईल
अन् यंत्र थांबेल, असं आइवार्सने आखलेलं.
लिएपायातलं गॅरेज, जुन्या प्रिंटरच्या मोटरा.

"आणि तारच उंदराने कुरतडली तर?"
सासूबाई वेल्टा. लिननच्या गिरणीत एकतीस वर्षं.
"आमचा माग धागा सलग तोवरच चाले.
तुटला, की गप्प."

रात्री त्याने आकृती खोडली.
आता बटणातून वीज अखंड वाहते,
रिलेला धरून ठेवते;
कुठेही तुटो, मोटर सुटते.

बटण गुडघ्यापाशी,
कारण हात दोन्ही प्लायवूडवर.
वेल्टाने गुडघा टेकवला. थांबलं.
बटण पिळून वर काढलं.
यंत्र ढिम्म.

"चालू होत नाही?"
"आपणहून नाही. ते कुणीतरी ठरवून करायचं."

"गिरणीचं तेवढंच राहून गेलं," म्हणाली,
आणि बाहीवरचा भुसा झटकत बसली.