उणे अठरा पॉइंट सहा

डेमिंग गाव जिथे संपतं
आणि पुढे नुसता वारा आणि काटेरी झुडपं,
तिथे उभा आहे माझा सोळा फुटी ट्रेलर.
महिन्यापूर्वी घेतला, लव्हॉनकडून.
रॉय गेल्यावर तिला तो अंगणात नको होता.
पैसे तिने मोजले नाहीत.
मीच मोजले, तिच्यासमोर, दोनदा.
एकोणीस वर्षं लास क्रूसेसच्या पतसंस्थेत काढली,
हात आपोआप मोजतात.

आज सोलर पॅनेल मांडलं.
सूटकेससारखं उघडतं, मागे अॅल्युमिनियमचे काटकुळे पाय.
वायरच्या टोकाला दोन पिना,
एक उघडी, एक रबराच्या टोपीत.
ट्रेलरच्या अंगावरही तस्साच जोड.
उघडीत झाकलेली, झाकलेलीत उघडी,
चुकीचं बसूच शकणार नाही अशी रचना.
बसलं. खट्ट.
छत्तीस गुण जुळले
आणि आत कंट्रोलरचा दिवा
लागलाच नाही.
(माझ्या लग्नातही असंच झालं होतं,
पण तो विषय आत्ता नको.)

लव्हॉन आली रॉयचा पिवळा मीटर घेऊन.
जोड सोडवला. लाल टोक इकडे, काळं तिकडे.
अठरा पॉइंट सहा.
आणि आकड्याच्या आधी
एक बारीक आडवी रेघ.

ती रेघ मला चांगली ठाऊक आहे.
लोक काउंटरवर कागद उलटासुलटा करून म्हणत,
छपाईत काहीतरी चुकलंय.
मी म्हणे, आकडा तुमचाच आहे,
बाजू तेवढी दुसरी.

लव्हॉनला सांगितलं,
आमच्या भाषेत याला धन म्हणतात, त्याला ऋण.
बॅटरीच्या एका टोकाला पैसा, दुसऱ्याला कर्ज.
आणि वायरीतून खरं जे धावतं
ते कर्जाकडून निघतं, पैशाकडे जातं.
शाळेत चित्र मात्र उलट्या बाणाचं काढायला लावत.
ती खूप हसली.
"रॉयला आवडलं असतं. त्याच्या ट्रकचे हप्ते
मी अजून भरतेय."

मग एकदम थांबून म्हणाली,
"तो तुकडा कुठाय? वीतभर लांबीचा?"

होता. ड्रॉवरमध्ये.
या टोकाला जसा जोड, तसाच त्या टोकाला,
मध्ये काही नाही. कसलं काम असणार त्याला?
बोथट ओपनर, दोन मेणबत्त्या आणि तो
मी मंगळवारी चर्चच्या जुन्या सामानाच्या दुकानात देऊन आले.

"आतल्या आत तारा बदलल्यात त्याने," लव्हॉन म्हणाली.
"पॅनेलवाले एक धरून चालतात, ट्रेलरवाले दुसरं.
दोघंही आपल्या जागी बरोबर.
मध्ये कुणीतरी वाकडं लागतं."

दुकान पाचला बंद होतं. पोचलो पावणेपाचला.
कोपऱ्यात एक टोपली, वायरींचा गुंता,
वर पुठ्ठा : कोणत्याही दोन, एक डॉलर.
मी एकेक वायर सोडवत बसले.
लव्हॉनने नुसता हात घातला आणि काढला,
कारण त्याच्यावर लाल ठिपका होता, चेरी रंगाचा.
"माझं नेलपॉलिश," ती म्हणाली.
"आठवडाभर शोधत होते. मला म्हणाला, मी नाही घेतलं."
अंगठ्याच्या नखाने ठिपका खरवडायला गेली
आणि नाही खरवडला.

एक घेता येत नव्हती. काउंटरवरची बाई नियमाची पक्की.
म्हणून दुसरी कुठलीशी काळी वायरही घेतली.

अंधारायच्या आत तुकडा मध्ये लावला.
आधी मीटर, मग जोड, आता शिकले होते.
ऊन उतरलेलं, तरी सतरा पॉइंट दोन,
आधी काही नाही, कोरी जागा.
दिवा हिरवा लागला.
मी नळ उघडून पाहिला, पंप गुरगुरला,
पाणी आलं, आधी थोडं गंजाचं.

दुसरी वायर लव्हॉन घेऊन गेली.
कशाची आहे, विचारलं तर म्हणाली,
बघते,
घरात काय काय बंद पडलंय.