डोईजड

बोगोमिर उंच होता, म्हणून त्यानं गाडीचं छप्पर उचललं.
पाववाल्याची जुनी गाडी. तिच्यावर अर्धा मीटर पत्रा,
आत माथ्याला लाकडी कपाटं,
आणि टपावर एक पेटी, उरलेल्या सगळ्यासाठी.
शेजारचा तिलेन तेव्हाच म्हणाला, गाडी डोईजड झाली.
बोगोमिरनं हसून पेटीत आणखी एक खुर्ची कोंबली.

आता गाडी माझी. घाट तोच.
क्रान्स्का गोरापासून वर्शिचच्या माथ्यापर्यंत चोवीस वळणं,
प्रत्येक वळणाला पाटी, पाटीवर आकडा,
आणि नेमकी वळणावरच दगडी फरशी,
पाऊस झाला की साबणाची.

काल संध्याकाळी मी वरचं सगळं खाली आणलं.
बिडाचा तवा. आलुबुखारच्या मुरांब्याच्या अकरा बरण्या.
पेटीतली हत्यारं, साखळ्या, ती खुर्ची,
सोचा नदीतले दगड, ज्यांना तो नमुने म्हणायचा
आणि मी ओझं.
सगळं पलंगाखाली, चाकांच्या मधोमध, बांधून.
वर ठेवल्या उशा, टॉवेल
आणि त्याची लोकरीची टोपी.

पाण्याची टाकी अर्धी होती.
तिलेन म्हणाला, येर्नेया, अर्धी सगळ्यात वाईट.
एक तर भर, नाही तर ओत.
अर्धं पाणी वळणावर स्वतःच्या मतानं जातं.
मी ओतलं. त्याच्या बुटांवर थोडं उडालं.

सकाळी ब्रेक वळणाच्या आधी. वळणात नाही.
गिअर दुसरा, हात सैल,
नजर कठड्यावर नाही, जिथून बाहेर पडायचं तिथं.
चाळीस वर्षं शेजारच्या सीटवरून
मी हेच ओरडत आले.
आता ओरडायला कुणी नाही, तेव्हा पाळावं लागतं.

तिसऱ्या वळणाला वरून आवाज आला: ठक.
चौथ्याला दुसऱ्या बाजूनं: ठक.
पाचव्याला मी आधीच खांदे आवळून बसले.
गाडी डावीकडे वळली की उजवीकडे कलते,
हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक.
कलताना पोटात काय होतं ते कुणी शिकवत नाही.

आठव्याला आरशात सात गाड्या, एक भोंगा.
कडेला जागा दिसली, घेतली.
जा बाबांनो.
तुमच्या गाड्या बुटक्या, घाई उंच.
एक सायकलवाली पोरगी दम खात गेली,
तिनं तेवढी मान हलवली.

अठराव्याला वारा, खिंडीतून आडवा.
बोगोमिरचा अर्धा मीटर पत्रा म्हणजे शीडच झालं,
आणि आम्ही निघालो दरीकडे,
हातभर, फक्त हातभर.
झटका द्यायचा नसतो. मी दिला नाही.
पाय हळूच उचलला, चाक घट्ट धरलं,
गाडीनं जरा विचार केला, मग ऐकलं.
तेवढ्यात समोरून बस.
मी होते तिथंच थांबले.
चालकानं स्टिअरिंगवरून दोन बोटं उचलली
आणि आरशाला आरसा न लावता निघून गेला.

माथ्यावर मेंढ्या बसल्या होत्या, रस्त्याच्या मालकिणी.
मी पलंगावर चढून कपाट चाचपलं.
खोल मागच्या कोपऱ्यात,
जिथं फक्त त्याचा हात पोचायचा,
उशांच्या आडून सुटलेला एक दगड.
पावाएवढा. पांढरट हिरवा.
पेन्सिलीनं एक तारीख, जी मला आठवली नाही.

खूप वेळ मांडीवर धरून बसले, असं लिहायला हवं.
तसं काही झालं नाही. खाली उतार होता,
हँडब्रेक त्यानंच बसवलेला,
म्हणजे भरवसा नाही.
दगड मागच्या चाकाला लावला, पायानं ठोकला.
धरला त्यानं.

मग चहा करायला गेले
आणि आठवलं, पाणी कालच ओतून टाकलंय.
बाटलीत घोटभर होतं, ते थंडच प्यायले.
पुढं सव्वीस वळणं उतरायची होती.
एक मेंढी येऊन दगड हुंगत राहिली.